त्रेचाळिसावी रेघ

बुलडोझर जुना झाला तरी त्याचं इंजिन मिळतं, साखळ्या मिळतात, पुढचं पातं तर एखादा लोहार मनावर घेऊन बनवूनही देतो. गाडं अडतं ते बोटाएवढ्या बोल्टापाशी. चौदा टनांचं धूड एका अडीच इंची बोल्टासाठी दोन-दोन महिने जागचं हलत नाही. ज्यांना हे ठाऊक नसतं ते येता-जाता विचारतात, "अजून किती राहिलंय?" फोरमन त्यांना "बारीकसारीक" एवढंच सांगायचे. सांगताना त्यांचा चेहरा मोठं ऑपरेशन करून बाहेर आलेल्या सर्जनसारखा व्हायचा, ज्याला नातेवाइकांनी फक्त टाके किती घातले तेवढंच विचारलं आहे.

फोरमन खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. निरोप समारंभात त्यांनी घड्याळ घेतलं, हार घेतला आणि पदही सोबत घरी आणलं. गल्लीत त्यांना फोरमन म्हणत, दुधाच्या कार्डावर फोरमन लिहिलेलं होतं, आणि पाहुण्यांसमोर बायकोसुद्धा "फोरमनना विचारून सांगते" म्हणायची. घरातला पंखा तीन वर्षं करकरत होता, कारण त्याचा मूळ स्क्रू बाजारात येणं बंद झालं होतं आणि दुसरा चालवून घेणं फोरमनच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"पंखा पडेल एक दिवस डोक्यावर," बायको म्हणायची.

"पडेल. पण खोट्या स्क्रूवर लटकणार नाही."

अशा माणसाला खाणीच्या नव्या साहेबांनी बोलावून घेतलं. खाणीतला पहिला बुलडोझर दुरुस्त करून मुख्य फाटकापाशी कायमचा उभा करायचा होता, आणि तिथवर त्यानं स्वतः चालत जायचं होतं. शेजारी पितळी पाटी लागणार होती आणि तिच्यावर 'पुनर्बांधणी' या शब्दापुढे फोरमनचं नाव येणार होतं. साहेबांचं वय बुलडोझरपेक्षा कमी होतं, त्यामुळे त्यांना वाटलं, सहा आठवड्यांत होईल. फोरमननी मान डोलावली. साहेबांच्या अज्ञानाची कीव करताना ते नेहमी नम्र असत.

बुलडोझर एकतीस वर्षं वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये उभा होता. उतारावर मागे घसरून तो खड्ड्यात गेला होता आणि त्याच्यावर बसलेले ऑपरेटर जागीच गेले होते. ते ऑपरेटर म्हणजे फोरमनचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान.

चौकशी झाली होती. एका बाजूचा ब्रेक लागला नव्हता. ब्रेकचा पट्टा ज्या लोखंडी तुकड्यावर तोललेला असतो त्याला दोन बोल्ट असतात. त्यातला एक जागेवर होता आणि दुसरा सापडला नाही. तेव्हा फोरमन फोरमन नव्हते, फिटर होते, आणि आदल्याच दिवशी तो ब्रेक त्यांनी बांधला होता. चौकशीच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "दोन्ही बोल्ट आवळले होते?" यांनी सांगितलं, "रेघ बघा."

अधिकाऱ्यानं वाकून रेघ बघितली होती.

या रेघेबद्दल सांगितलं पाहिजे, कारण त्या वर्कशॉपची इज्जत तिच्यावर उभी होती. बोल्ट टॉर्क-पान्यानं आवळायचा. पुरेसा ताण आला की पाना 'टिक' करतो. टिक झाली की ब्रशनं एक रेघ ओढायची, बोल्टाच्या डोक्यावरून थेट बॉडीवर. अर्धी रेघ डोक्यावर, अर्धी बॉडीवर. बोल्ट केसभर जरी सैल झाला तरी रेघ तुटलेली दिसते आणि ती शेंबड्या पोरालाही कळते. प्रत्येक फिटरचा रंग ठरलेला होता. पुढे पुढे माणसांची नावंच मागे पडली. "लाल रजेवर आहे", "हिरव्याला मुलगी झाली", "पांढरा आज घुश्शात आहे" असं बिनदिक्कत बोललं जायचं. फोरमन पिवळे होते. रेघ म्हणजे सही, असं ते म्हणत. चाळीस वर्षांत पिवळी रेघ एकदाही तुटली नाही, हेही म्हणत. बहुतेक रोज म्हणत.

तर बॉडीवर पिवळी अर्धी रेघ होती. बोल्ट नव्हता, पण सही होती. मशीन उलटताना तो उडाला असणार असं अधिकाऱ्यानं लिहिलं आणि त्याखाली लिहिलं, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. ताईनं तो कागद वाचला, घडी केली आणि कपाटात ठेवला. भावाला त्याबद्दल ती एका शब्दानं कधी काही म्हणाली नाही. फक्त कोणी गाडी जपून चालवणाऱ्याचं कौतुक करू लागलं की ती उठून आत जायची.

आता बुलडोझर उभा राहणार होता, आणि ताई पाटी बघायला येणार होती.

एकतीस वर्षांत ज्याला बोल्ट लागला त्यानं तो या मशीनमधून काढून नेला होता, शेजारून काडेपेटी मागून आणावी तसा. फोरमननी मोजलं तेव्हा त्रेचाळीस बोल्ट गायब निघाले. सगळे जुन्या इंची आट्यांचे. ज्या कारखान्यात हे मशीन तयार झालं तो केव्हाच बंद पडला होता.

मदतीला एक वेल्डर दिलेला होता. पन्नाशीचा, मनानं चांगला, पण वेल्डरला जगात प्रत्येक प्रश्नावर एकच उत्तर सुचतं.

"फोरमन, टाका मारू का? जन्मात निघायचं नाही."

"तुझं लग्नही टाका मारूनच लागलं होतं का?"

"म्हणून तर टिकलंय."

फोरमननी दुकानं पालथी घातली. नव्या दुकानांत काचेमागे बसलेली माणसं "मिलिमीटरमध्ये सांगा" म्हणायची. एकानं आपुलकीनं सांगितलं, "काका, भोकं मोठी करून घ्या, हल्लीचे बसतील." फोरमन त्या दुकानातून बाहेर पडले ते पुन्हा त्या रस्त्यानंही गेले नाहीत.

शेवटी ट्रक दुरुस्तीच्या गल्लीत, टायरवाल्याच्या मागे, त्यांना नटवाला सापडला. दुकान म्हणजे एक बोळ होता. दोन्ही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण, आणि मध्ये एक म्हातारा, त्याला वळता येईल एवढ्याच जागेत. तेलाचा आणि जुन्या पुठ्ठ्याचा वास येत होता. नटवाल्यानं नमुन्याचा बोल्ट हातात घेतला, बघितला नाही, अंगठ्याचं नख आट्यांवरून एकदा फिरवलं.

"किती पाहिजेत?"

"त्रेचाळीस. चार मापांचे."

"एकदम नाही मिळायचे. जसे सापडतील तसे देईन."

त्यानं पाठीमागचा खण न वळता उघडला आणि तेलकट कागदातली पुडी काढून दिली. सोळा बोल्ट. फोरमननी उजेडात धरून बघितले. आटे कोरे, पान्याचा एक ओरखडा नाही. पानाच कधी लागला नव्हता. प्रत्येकाच्या डोक्यावर मात्र कडेपासून मध्यापर्यंत लाल रंगाची एक बारीक रेघ होती.

गोदामाची खूण असेल, असं फोरमन मनाशी म्हणाले आणि घरी जाताना रिक्षात शीळ वाजवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खालच्या रोलरचं संरक्षक पान बसवायला लागले. वेल्डरनं पान उचलून धरलं. फोरमननी पहिला बोल्ट हातानं फिरवला, मग टॉर्क-पाना लावला. टिक.

डोक्यावरची लाल रेघ बॉडीवरच्या लाल रेघेला जाऊन मिळाली होती.

बॉडीवर रेघ आहे हेही त्यांना तोवर दिसलं नव्हतं. ग्रीसच्या थराखाली ती फिकट झाली होती, पण होती. त्यांनी चिंधीनं पुसलं. वरची अर्धी रेघ आणि खालची अर्धी रेघ, मध्ये नखाएवढीही फट नाही.

"योगायोग," फोरमन म्हणाले.

"मी कुठं काय म्हणालो?" वेल्डर म्हणाला.

दुसरा बोल्ट. टिक. रेघ जुळली. तिसरा. टिक. सोळाव्या टिकेला वेल्डरनं पान सोडून दिलं होतं आणि तो भिंतीला टेकून उभा होता.

फोरमन अडाणी नव्हते. आटा कुठून सुरू होतो ते प्रत्येक बोल्टाचं वेगळं असतं. एका खोक्यातले दोन बोल्टसुद्धा एकाच जागी येऊन थांबत नाहीत. एक जुळेल. दोन जुळतील. सोळा जुळायचे तर या मशीनला हेच बोल्ट आधी लागलेले असायला हवे होते, आणि यांचे आटे तर कोरे होते. त्यांनी दोन बोल्ट काढून अदलाबदल करून बघितली. टिक झाली तेव्हा दोन्ही रेघा भलतीकडे होत्या. त्यांनी बोल्ट पुन्हा आपापल्या जागी लावले. जुळल्या.

दुपारी ते नटवाल्याकडे गेले.

"हा माल कुठला?"

"वडिलांच्या वेळचा."

"यावर रंग कुणी लावला?"

नटवाल्यानं एक बोल्ट हातात घेऊन फिरवला. "बोल्ट नवीन आहे. रंग जुना आहे. मी दुकानदार माणूस, मला कशाला विचारता?" आणि त्यानं पुढची पुडी काढून दिली. नऊ बोल्ट, पांढऱ्या रेघेचे.

इथे दुसरा कोणी असता तर त्यानं काम सोडलं असतं. फोरमनना मात्र, खरं सांगायचं तर, अभिमान वाटला. लाल जाऊन अकरा वर्षं झाली होती. पांढरा गेला तेव्हा त्याला खांदा द्यायला फोरमन स्वतः होते. हिरव्याचा पत्ताच नव्हता. ही माणसं गेली, पण त्यांनी आवळलेला बोल्ट आजही बरोबर त्याच जागी येऊन थांबत होता. आमच्या खात्याचं काम हे असं होतं, असं त्यांनी त्या आठवड्यात एका रात्री जेवताना बायकोला सांगितलं. सांगताना ते ताठ बसले होते.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"सगळ्यांच्या रेघा आल्या म्हणता?"

"लाल आल्या, पांढऱ्या आल्या. आज हिरव्या आल्या. सतरा."

"मग तुमची?"

"बेचाळीस झाले. एक राहिलाय," फोरमन म्हणाले, आणि भाजी पुन्हा वाढून घेतली.

तो एक कुठला, हे त्यांना ठाऊक होतं.

पुढचे दहा दिवस ते नटवाल्याकडे गेले नाहीत. इंजिन सुरू करून बघितलं. पहिल्या झटक्याला पकडलं, आणि वर्कशॉपमधली सगळी माणसं काम टाकून आली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. फोरमननी सगळ्यांना रेघा दाखवल्या. एकेकाला हाताला धरून वाकवलं. "ही लाल. ही हिरव्याची, त्याचा हात जरा तिरका होता. बघा, तिरकी रेघसुद्धा जुळलीय." कसं जुळलं हे त्यांना कोणी विचारलं नाही. जुनं काम पक्कं होतं एवढंच सगळ्यांनी त्यातून घेतलं, आणि फोरमननाही तेवढंच द्यायचं होतं.

मग साहेब म्हणाले, "परवा हलवू या. ब्रेक झालाय ना?"

फोरमन नटवाल्याकडे गेले. नटवाल्यानं त्यांना बघितल्याबरोबर खण उघडला. आत कागदही नव्हता, नुसता एक बोल्ट पडलेला होता.

"हा बरेच दिवस काढून ठेवलाय. आलाच नाहीत तुम्ही."

डोक्यावर पिवळी रेघ होती. फोरमननी तो शर्टाच्या खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई शेडवर आली. उद्या गर्दीत नीट दिसायचं नाही, आजच बघते, असं म्हणाली. शहात्तर वर्षांची, गुडघे गेलेली. वेल्डरनं तिच्यासाठी दारापाशी खुर्ची ठेवली आणि तो जेवायला गेला. ताई खुर्चीत बसून वर सीटकडे बघत राहिली.

"सीट तीच आहे का रे?"

"तीच. शिवण फक्त नवीन घातली."

"बरं केलंस."

फोरमन पाठीवर सरकत मशीनखाली गेले. ब्रेकचं झाकण उघडलेलंच होतं. त्यांनी हातातली बॅटरी पेटवली. आतल्या बॉडीवर त्यांची अर्धी रेघ होती, तेलानं जपलेली, काल ओढल्यासारखी पिवळी. तीच रेघ, जी अधिकाऱ्यानं वाकून बघितली होती.

त्यांनी बोल्ट भोकात धरला आणि बोटांनी फिरवला. एक आटा, दोन आटे. डोकं बॉडीला जेमतेम टेकलं.

रेघ जुळली.

फोरमन थांबले. पाना अजून बाजूलाच पडला होता. त्यांनी दोन बोटांनी बोल्ट हलवला. तो हलत होता.

त्यांनी पाना लावला. पाव वळसा. रेघ तुटली. अर्धा वळसा. आणखी थोडं. टिक. डोक्यावरची पिवळी रेघ आता पूर्ण उलट दिशेला होती.

त्यांनी बोल्ट काढला. आटे पुसले. पुन्हा लावला. बोटांनी डोकं टेकवलं, रेघ जुळली. टिक झाली तेव्हा रेघ उलट.

एक वॉशर घातला. डोकं वर राहिलं, सगळं बदलायला हवं होतं. बोटांनी टेकवलं. रेघ जुळली.

मग ते तसेच पडून राहिले, आणि त्यांना ब्रश आठवला. एकतीस वर्षं त्यांना टिक आठवत होती. दोन टिका, एकापाठोपाठ. आता आठवायला गेले तर एकच ऐकू आली. पहिला बोल्ट आवळून ते बाहेर सरकले होते, ब्रश घेऊन आत आले होते. रंग पातळ होता, गळत होता. पुन्हा पुन्हा कुठं सरकायचं, म्हणून दुसऱ्यावरही ओढून टाकली होती. आधी रेघ, मग आवळू. तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला होता.

जेवून आल्यावर त्यांनी वाकून बघितलं होतं. दोन्ही रेघा अखंड होत्या. त्यांनी झाकण लावलं होतं.

"झालं का रे?" ताईनं विचारलं.

फोरमनच्या उजव्या हातात पेट्रोलची चिंधी होती. ती हातात कधी आली ते त्यांना कळलं नाही. बॉडीवरची अर्धी रेघ पुसायला एक हात पुरे होता. नवी ओढायला दुसरा. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जुळल्या असत्या.

त्यांनी चिंधी खिशात कोंबली. वॉशर काढला. बोल्ट पुन्हा लावला आणि टिक होईपर्यंत आवळला. रेघ उलट राहिली. त्यांनी ती तशीच राहू दिली.

"ताई," ते खालूनच म्हणाले. त्यांना तिची फक्त पावलं दिसत होती, चपलांतली, खुर्चीच्या पायांपाशी. "हा बोल्ट मी आवळला नव्हता. नुसती रेघ ओढली होती. दाजींची काही चूक नव्हती."

पावलं हलली नाहीत.



मग फोरमनच्या तोंडावरून वर पेडलकडे जाणारा ब्रेकचा दांडा हलला.

नवा ब्रेक बांधला की खालचा माणूस खालीच थांबतो आणि ऑपरेटर वर बसून पेडल दाबून बघतो. दोनदा दाबून सोडायचं, तिसऱ्यांदा दाबून धरायचं. मग खालचा माणूस पट्टा तपासतो आणि ओरडून सांगतो, धरला.

दांडा मागे गेला, पुढे आला. मागे गेला, पुढे आला. तिसऱ्यांदा मागे गेला आणि तिथेच थांबला. पट्टा ड्रमवर घट्ट बसला होता. लोखंडी तुकडा तसूभर हलला नाही. इतका पक्का ब्रेक फोरमननी उभ्या आयुष्यात बांधला नव्हता.

ताईची पावलं खुर्चीपाशीच होती.

फोरमननी पट्टा हातानं चाचपला. दांडा मागे ओढलेलाच होता.

"अरे, सांग ना त्यांना धरला म्हणून," ताई म्हणाली. तिचा आवाज साधा होता, घरात बोलावं तसा. "केव्हाचे पाय दाबून बसलेत."